नाव ठेवायला जागा नाही

सोमवार, ३
मिळाली बाई एकदाची नोकरी! काम काय, तर दिवसभर संगणकावर खेळ खेळायचे आणि त्यांना नावं ठेवायची. ताई म्हणाली, जन्मल्यापासून तेच करत आलीस, आता निदान खुर्चीत बसून कर. ती मला घरात 'खुसपट' म्हणते, कारण मला कशातही खोट दिसते. हे नाव बाहेर कुणाला सांगायचं नाही असा आमचा करार आहे.
तिच्या दोन खोल्यांत माझी खाट लागली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, मी तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत. सात टेबलं, खिडक्यांना पट्ट्यांचे पडदे, आणि माझी खुर्ची डावीकडे कलते. झालं, पहिली खोट सापडली! आमच्या प्रमुख मॅडम बोलायला कडक, पण माणूस चांगला वाटतो. शेजारच्या टेबलावर खेळाचा प्रोग्रॅमर बसतो, त्याला सगळे 'दाढी' म्हणतात.

मंगळवार, ४
खेळात आपण गुप्तहेर. आपल्याला मेलेली माणसं दिसतात. जिथे जीव गेला तिथेच ती उभी असतात आणि विचारलं तर फक्त हो किंवा नाही म्हणतात. शेवटी यादीतून खुन्याचं नाव घेतलं की प्रकरण मिटलं.
अहवालात दोन रकाने. जमेच्या बाजू: भुतं किंचाळत नाहीत, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी संकोचून उभी राहतात. पावलांचे आवाज असे की मी दोनदा मागे वळून पाहिलं. हो-नाहीच्या अटीमुळे नेमका प्रश्न शोधावा लागतो, डोकं चालवावं लागतं. उणिवा: गुप्तहेर गोगलगायीच्या चालीने चालतो. एकच पुरावा तीन खोल्यांत सापडतो. आणि मेलेली बाई म्हणजे नुसता पुठ्ठा, तिला ना घर ना दार, तिच्यासाठी कुणी का जीव टाकावा? मॅडम खूश झाल्या.

गुरुवार, ६
खेळ सुधारलाय. गुप्तहेर झपझप चालतो आणि बाईला चक्क स्वयंपाकघर मिळालंय! ओट्यावर कान तुटलेला हिरवा कप, त्यात चमचे. आमच्याकडे अगदी असाच आहे. दाढीचं कौतुक करायला गेले तर तो म्हणाला, मी दोन दिवस तापाने पडून होतो, खेळाला कुणी हातही लावलेला नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली. पण तुटके कप काय, घरोघरी असतात.
आजची उणीव: खून कधी झाला ते कळत नाही, म्हणून घाई नाही, धाकधूक नाही.

सोमवार, १०
स्वयंपाकघरात आता घड्याळ आहे, खाली कॅलेंडर. शुक्रवार, १४. पाच वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे हा येणारा शुक्रवार.
बाई नेहमी पाठमोरी असायची. आज वळली. ताई होती. दुकानाचा निळा कोट, केसांत खोचलेलं पेन, हनुवटीवरचा लहानपणचा व्रण. तू मेली आहेस का, असं विचारलं. नाही म्हणाली. दाढीला हाक मारली, तर त्याला ती जुनीच पुठ्ठ्याची बाई दिसली. मला ताईच दिसत होती.

मंगळवार, ११
ताईला सगळं सांगितलं. आधी हसली, मग कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि म्हणाली की हा खेळ तुझ्या डोक्यात गेलाय. शुक्रवारी घरी थांब म्हणून हातापाया पडले. ऐकलं नाही. मालक म्हणे एक दिवसाची सुट्टी मागितली तर कायमचीच देईल.
मी लिहिते ते खरं होतं, एवढं मला कळलंय. म्हणून आज अहवालात नुसती स्तुती. उणिवांचा रकाना कोरा. मॅडम भडकल्या, तुला गोडवे गायला घेतलं नाही म्हणाल्या.

बुधवार, १२
दिवसभर खेळातल्या ताईला एकेक नाव विचारलं. दुकानाचा मालक? नाही. शेजारी? नाही. दाढी? नाही. मॅडम? नाही. कुणी अनोळखी? नाही. मग कुणीच मारणार नाही का? हो, म्हणाली.
तिथेच गप्प बसायचं होतं मी. पण मॅडम पाठीशी उभ्या, एक तरी उणीव लिही म्हणून अडून बसलेल्या. आणि हाताची खोड जात नाही. लिहून गेले — खून आहे, पण खुनीच नाही. ही शुद्ध फसवणूक.

गुरुवार, १३
यादीत एक नाव वाढलंय. सगळ्यात खाली. 'खुसपट'.
विचारलं. हो म्हणाली.
आपलेच दात, आपलेच ओठ. मीच मागितलं, मीच लिहून —
खाडाखोड करायला गेले तर अहवाल बंद केलेला. मॅडम म्हणाल्या, खेळ तयार झाला, आता नाव ठेवायला जागा नाही.
खेळातली ताई आज स्वयंपाकघरात नव्हती. कुठल्यातरी अरुंद जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. आमच्या घराचाच जिना असणार. उद्या मी घरी जाणारच नाही. ती दुकानात, मी इथे. मी जवळच नसले तर कशी मी तिला —

शुक्रवार, १४
कचेरीच्या वरच्या माळ्यावर, सामानाच्या खोलीत. आतून कडी. फोन बंद. सव्वापाच झाले. अजून पंचवीस मिनिटं काढायची, बस्स.

साडेपाच. पावलं — ताईचा आवाज. मॅडमनीच दुकानात फोन करून कळवलं, बहिणीने कोंडून घेतलंय म्हणून. धावत आलीय बिचारी. धापा टाकतेय.

जा म्हणून ओरडले. जात नाही. रडतेय. दार उघड, मी रागावणार नाही म्हणतेय. अगं जा ना — पाया पडते तुझ्या —

अडतीस. दाराला टेकून उभी आहे. सरकत नाही. बाहेर उभं राहायला वीतभर जागा, लगेच अरुंद जिन्याच्या पायऱ्या. दोन मिनिटं उरली. तिला माझ्यापासून लांब करायलाच हवं. दार बाहेर उघडतं. कडी काढते, एकदाच जोरात ढकलते, म्हणजे घाबरून तरी ती खाली