खांद्यातला डाग

४ नोव्हें.
पडेगाव. डायव्हिंगचा सीझन सुरू, मी घरीच. नवा नियम: पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्या-खुब्याचा एमआरआय. आधी कान, छाती बघून सोडायचे. वीस वर्षं समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मखाली पाइप जोडतोय. दाबानं हाड आतून मरतं, हे आम्हाला ठाऊक. आमच्यातल्या एकाचा खुबा गेला तेव्हा तपासणी मागणाऱ्या अर्जावर पहिली सही माझी.

७ नोव्हें.
छावणीजवळ एमआरआय केला. उजव्या खांद्यात डाग. डॉक्टरनं काम विचारलं. पाणबुड्या म्हटल्यावर, "औरंगाबादेत?"

८ नोव्हें.
आबांना सांगितलं. शेळ्यांना पाणी पाजता पाजता म्हणाले, "दुखतंय तर बस की घरी. लई झालं." बसून करू काय? भावजय पाहुण्यासारखं ताट वाढते.

११ नोव्हें.
जोसेफचा फोन. वसईचा, बारा वर्षं पाण्यात आमची जोडी. ओळखीचा डॉक्टर मागची तारीख टाकून जुन्या नियमानं 'फिट' लिहून देतो म्हणाला. त्यानं स्वतः तसाच दाखला घेतलाय. तो शिडी चढताना खुबा धरतो, मी पाहिलंय. म्हटलं, "जोसेफ, तूही एमआरआय कर."
"तू जमिनीवर आहेस. तुला बोलायला सोपं." फोन ठेवला.

१२ नोव्हें.
रिपोर्ट कंपनीला पाठवला. खरा. सकाळपासून सोबतचं पत्र तीनदा लिहून खोडलं, मग नुसता रिपोर्टच जोडला.

१९ नोव्हें.
कंपनीचं उत्तर. डायव्हिंग बंद. किनाऱ्यावर काही काम असेल तर 'कळवू'. जोसेफ फोन उचलत नाही. दौलताबाद रस्त्यानं उगाच लांबवर चालून आलो. पाण्याखाली इतकं एकटं कधी वाटलं नाही. तिथं हेल्मेटच्या फोनवर कानात जोसेफचा श्वास असायचा.

२३ नोव्हें.
दुपारी जोसेफचा फोन, बोटीवरून. उद्या त्याची उतरायची पाळी. माझं काय झालं ते विचारलं नाही. मग म्हणाला, "त्या मशीनमध्ये किती वेळ लागतो रे?"
"अर्धा-पाऊण तास."
"दुखतं?"
"नाय. फक्त हलायचं नाही."
बरं म्हणाला. उद्या उतरणार का, ते विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली, फोन बंद झाला.