लाल सूत

गुढीपाडवा, संध्याकाळ.

पाय ठणकतायत, पण त्याचं काही नाही. ते लाल सूत डोळ्यांसमोरून हलत नाही.

लेझीम पथकात मला ओढलं ते धाकट्या जावेनं, सुमननं. "चल गं आक्का, घरात बसून काय करतीस?" सरावात माझा ठेका मागं पडायचा, बायका वळून बघायच्या. मी हटले नाही. आज पहाटे अंधारात सुमननंच माझ्या हातात लेझीम दिली. उजाडता उजाडता वडगावच्या रस्त्यावर हलगी घुमली आणि मी जीव तोडून नाचले. शेवटी सुमननं मिठी मारली. "आक्का, आज एकदाबी चुकली न्हाईस!" सगळ्या हसल्या. मला वाटलं, कौतुकानं. मूर्ख मी!

मघाशी हे म्हणाले, "आम्हालाबी दाखीव की." स्वयंपाकघरात पदर खोचून लेझीम हाणली, तर नुसता लाकडाचा खट्ट आवाज. उजेडात धरून पाहिली. सगळ्या चकत्या लाल सुतानं एकमेकींना आवळून बांधलेल्या. म्हणजे सगळ्यांच्या गजरात सकाळभर मी मुकी लेझीम घेऊन नाचले? आणि सगळ्यांना ठाऊक होतं?

सूत सोडवायला बसले. गाठ सुटेना. बारीक, चपटी, बोटाला लागतसुद्धा नाही अशी. मागावर तुटलेला धागा जोडतात, ती. सुमन नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला ती जमायची नाही, सासूबाई सगळ्यांदेखत हसायच्या. तेव्हा तिची बोटं हातात धरून ही गाठ मीच तिला शिकवली होती.