दारात आलेला भात

सोलापूर,
१८ जानेवारी २०२५

प्रिय दिपालीवहिनी,

नमस्कार. तू पाठवलेली शेंगांची चटणी पोचली. मेसच्या निंगव्वा मावशींनी निम्मी संपवलीसुद्धा. फोनवर बोलताना आई तुझ्या शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहिते. नातेपुत्याच्या पाहुण्यांचं विचारलंस, त्याचं पुढे लिहिते.

आधी टाकीचं. वसतिगृहातल्या मुलींच्या ताटात उरलेलं मी सांभाळते त्या बायोगॅसच्या टाकीत जातं आणि त्या गॅसवर मावशी भाकरी करतात, एवढं तुला ठाऊक आहे. दिवाळीनंतर शेजारच्या मंगल कार्यालयातून टेम्पोभर भात आणि शिरा आला. दारात आलेलं परत पाठवू नये, हे आईचं म्हणणं माझ्या हाडात मुरलेलं. मी सगळं घेतलं, आणि जास्त अन्न म्हणजे जास्त गॅस, अशा आनंदात सगळं टाकीत ओतलं.

टाकी आंबली. एवढं एकदम आलं की आम्ल वाढतं आणि गॅस करणारे जंतू दबून जातात. शेगडी विझली. मावशी म्हणाल्या, "तुमच्या टाकीला अजीर्ण झालंय की, बाई."

मी हसले, पण रेक्टर मॅडमनी टाकी बंद करायचं बोलून दाखवलं होतं. टाकी गेली की माझी नोकरी गेली. आणि नोकरी गेली तर गावी येऊन लग्नाला उभी राहीन, असा शब्द मी आईला दिलेला.

मग टाकीचं खाणं थांबवलं. आम्ल उतरायला थोडी चुन्याची निवळी आणि जंतूंसाठी शेणकाला घालत राहिले. सगळ्यात अवघड गेलं ते टेम्पोवाल्याला दारातून परत पाठवणं. आता अन्न बारीक वाटून, मापात, रोज सारखंच घालते. गॅस पूर्वीपेक्षा जास्त येतो, आणि मॅडम टाकी बंद करायचं नाव काढत नाहीत. परवा निळ्या ज्योतीवरची पहिली भाकरी मावशींनी माझ्या हातावर ठेवली, तेव्हा तुझी आठवण आली.

बारावीनंतर तू आईला म्हणाली होतीस, "शिकू द्या की तिला. शेरडं मी बघते." त्या एका वाक्यावर मी इथवर आले. शेरडांमागे अजून तूच फिरतेस, आणि मी तुलाच आणखी एक काम सांगतेय.

नातेपुत्याच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायला आईला सांग. 'नंतर बघू' असं नको. ते वाट बघत बसतील. स्थळ चांगलं आहे, मला ठाऊक आहे. तो भातही चांगलाच होता.

तू पुन्हा एकदा आईसमोर उभी राहशील, या भरवशावर,

तुझी
उत्कर्षा