मनगटातली आठ हाडं

मंगळवार, ४

आलो एकदाचा. ही वही कॉलेजचीच. पुढची यंत्रशास्त्राची पानं फाडून बंबात घातली, मागची कोरी आहेत ती रोजनिशीला.

नोकरी सांगितली की लोक नाक मुरडतात, म्हणून आधी इथेच लिहून मोकळा होतो. मेडिकल कॉलेजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचा कारखाना आहे. इथे माणसांच्या हाडांचे जुने सांगाडे दुरुस्त होतात आणि अभ्यासापुरते सुटे संच पेटीत घालून विद्यार्थ्यांना दिले जातात. मालक तारेने सांधे ओवतात म्हणून सगळे त्यांना तारकाका म्हणतात. ते आणि काकू खाली राहतात, मला माडीवरची खोली दिली आहे. खिडकीतून मुलींच्या होस्टेलचं फाटक दिसतं. त्यासाठी मी हाडंच काय, गटारंही उपसली असती. शाळेपासूनची ती आता तिथे राहते, डॉक्टरी शिकते. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणतो, ती चिडते, म्हणून जास्तच म्हणतो.

निघताना बाबा म्हणाले, "तुझ्या जिभेला हाड नाही, म्हणून प्राध्यापकाशी भांडून कॉलेज सोडलंस. आता हाडांतच जाऊन पड." पडलो. आणि मजेत आहे.

गुरुवार, ६

मजा जरा कमी झाली. वासाची कल्पना कुणी दिली नव्हती.

परत आलेल्या पेट्या धुवायचं काम माझ्याकडे आहे. मला वाटायचं हाड म्हणजे कोरडं, पांढरं, खडूसारखं. जुनी हाडं गरमीत घामेजतात. मांडीच्या हाडाच्या टोकाला पिवळी चरबी पाझरते, ती बोटाला लागली की साबणाने जात नाही. त्यात विद्यार्थी एकेक नमुने. एका कवटीच्या डोळ्यात च्युइंगगम कोंबलेलं होतं. एका जबड्याला लिपस्टिक. कुणाच्यातरी मणक्याच्या भोकात मुंग्यांनी अंडी घातलेली, ती मी दात घासायच्या ब्रशने काढली. तो ब्रश चुकून माझ्या ब्रशशेजारी ठेवला गेला. आता माझा कुठला ते कळत नाही. दोन्ही फेकले.

काकूंनी प्रेमाने मटण केलं होतं. तारकाका नळी चोखत होते, आवाज करून. मी पाणी पिऊन उठलो. काकू हसून म्हणाल्या, आठवडाभर सगळ्यांचं असंच होतं.

रविवार, ९

शिकतोय, आणि चक्क आवडतंय. तारकाकांची पद्धत अशी: हाड पिशवीत घालायचं, न बघता चाचपायचं, मग तेच स्वतःच्या अंगावर शोधायचं. गळ्याखालची हासळी सापडली, नडगी सापडली, गुडघ्याची वाटी तर इकडून तिकडे ढकलता येते. कोपर म्हणजे दाराची बिजागरी. खांदा म्हणजे उखळीत फिरणारी गोटी. जिभेखाली घोड्याच्या नालेसारखं एक इवलं हाड असतं, ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला टेकत नाही. म्हणजे बाबा चुकले, हे त्यांना कळवलं पाहिजे.

सगळ्यात अवघड मनगट. खडे भरल्यासारखी आठ हाडं. होडी, चंद्रकोर, त्रिकोणी, आकडेवालं आणि करंगळीच्या बाजूचा वाटाणा. वाटाणा हमखास हरवतो.

एक नियम आहे. संच दोघांनी मोजायचा, दोनशे सहा भरली तरच पेटीच्या चिठ्ठीवर 'पूर्ण' लिहून खाली नाव घालायचं. लाल दोरा बांधलेल्या पेट्या न मोजलेल्या, त्यांना हात लावायचा नाही. का, म्हणून मी विचारलं. तारकाकांनी डाव्या हाताची करंगळी टेबलावर ठेवली. ती ठेवली म्हणजे सांडली. नखापासून मुळापर्यंत नुसतं मांस, शिजलेल्या शेवयांच्या झुपक्यासारखं. म्हणाले, एकदा घाईत नाव घातलं होतं, कमी होतं ते माझ्यातून गेलं. मला वाटलं, नवख्याला घाबरवायची त्यांची रीत असेल. पण ती करंगळी डोळ्यांपुढून जात नाही. शी.

बुधवार, १२

ती आली! दारात उभी राहून नाकाला ओढणी लावली आणि मला बघून ती काढली. तिला पेटी हवी आहे, सोमवारी चोवीसला परीक्षा. बरोबर चष्मेवाली मैत्रीण होती. तिलाही एक हवी, धाकट्या बहिणीसाठी, पुढच्या वर्षाला.

तारकाकांनी सरळ सांगितलं की पूर्ण पेट्या सगळ्या बाहेर आहेत. तिचा चेहरा उतरला. मी मागून जाऊन म्हटलं, शनिवारी ये, मी बघतो. ती म्हणाली, कॉलेज सोडलंस तेव्हाच तुला सांगितलं होतं, एक गोष्ट तरी शेवटपर्यंत कर. आता ही कर.

करणारच.

शनिवार, १५

केली.

तारकाका कॉलेजात सांगाडा टांगायला गेले होते. माळ्यावरच्या लाल दोऱ्याच्या दोन पेट्या उतरवल्या. एक मोजायला घेतली. उजव्या हातापर्यंत सगळं बरोबर. हाताच्या पिशवीत बोटं होती, तळवा होता, मनगट नव्हतं. आठच्या आठ गायब. बाकी सगळी भरली. म्हटलं, तिचा अभ्यास मनगटापर्यंत पोचायच्या आत कुठूनतरी आणून घालीन. दुसरी पेटी चांगली जड होती, ती उघडलीच नाही. दोन्ही चिठ्ठ्यांवर झोकात 'पूर्ण' लिहिलं, खाली नाव, आणि पेट्या दोघींना दिल्या. ती म्हणाली, अक्षर सुधारलंय तुझं.

दिवसभर हवेत होतो. तारकाकांना सांगितलं नाही, उगीच कटकट.

मंगळवार, १८

उजवं मनगट काल सकाळपासून खाजत होतं. करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या बुडाशी. आज चाचपलं. तिथे वाटाणा असायला हवा. बोट आत गेलं. दुखलं नाही, हेच जास्त किळसवाणं. पिकलेल्या चिकूवर दाबावं तसा खड्डा पडला आणि सावकाश वर आला.

सूज असेल. रोज ब्लीचच्या पाण्यात हात.

बुधवार, १९

सगळं लिहितो, हात चालतोय तोवर.

दुपारी ती आली, खुशीत होती. पायरीवर बसली आणि म्हणाली, "लोक फुलं पाठवतात, तू रोज एक हाड पाठवतोस का रे?" मला काही कळेना. मग तिने सांगितलं. रविवारी पिशवी उघडली तर मनगट नव्हतं. सोमवारी त्यात वाटाणा होता. काल अजून एक. आज तिसरं. चष्मेवालीला फितवून मीच ती गुपचूप टाकतोय, असा तिचा समज. एवढंच म्हणणं होतं की टाकायची तर नीट धुऊन टाक. ओलसर असतात, गुलाबी, चिकट. वास येतो. काल मुंग्या लागल्या म्हणून तिने साबणाने धुऊन खिडकीत वाळत घातली.

मी हसलो, असं वाटतं. मग ती म्हणाली, हात दे, उजळणी करते. तिने माझं मनगट हातात घेतलं. हे व्हावं म्हणून मी दोन वर्षं काय काय केलंय. तिचा अंगठा फिरत होता, ती नावं पुटपुटत होती. वाटाण्यापाशी थांबली. दाबलं. पुन्हा दाबलं. मग त्रिकोणी, मग आकडेवालं. तिचा अंगठा माझ्या मांसात पेरभर बुडाला आणि दुसऱ्या बाजूने तिच्याच बोटाला लागला.

तिने हात सोडला. सोडला नाही, टाकला. आणि आपला हात ओढणीला पुसला. एकदा नाही, तीनदा.

ते पुसणं बघून माझं डोकं फिरलं. मी काय बोललो ते इथेही लिहवत नाही. प्रेतं चिवडताना किळस येत नाही तुला, असं काहीतरी, आणि त्याहून वाईट. ती उठून गेली.

जिभेला हाड नाही. खरंच आहे.

शुक्रवार, २१

तारकाकांना सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते खाली बसले.

म्हणाले, उपाय एकच. ज्या हाताने 'पूर्ण' लिहिलं त्याच हाताने खोडायचं. त्यांनी करंगळीपर्यंतच गेलं असताना खोडलं, म्हणून बाकीचा हात राहिला.

होस्टेलवर गेलो. फाटकावरच्या बाईने निरोप आणला, येत नाही म्हणते. पुन्हा पाठवला. मग बाईनेच मला हाकललं. माझा हात बघून ती दोन पावलं मागे सरकली होती. तिच्यासाठी लिहिलेली चिठ्ठी देतो म्हटलं तर घेईना, कारण चिठ्ठी त्या हातात होती.

पाच गेली. अक्षर बघा माझं. ती म्हणाली होती सुधारलंय.

शनिवार, २२

डाव्या हाताने लिहितोय, लागेल तेवढं.

उजवा लटकतो. ओला हातमोजा काठीला टांगावा तसा. बोटांची हाडं आहेत, ती आतल्या आत एकमेकांवर आपटतात, पिशवीतल्यासारखी. काकूंनी पुठ्ठा बांधून दिला. बांधताना त्यांनी तोंड फिरवलं होतं. जेवायला समोर बसल्या आणि ताट घेऊन आत गेल्या. मला राग नाही आला. मीही तो टेबलाखाली ठेवतो. चुकून मांडीवर पडला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. माझाच हात.

तारकाकांनी पेन तारेने बोटांना बांधून बघितलं. रेघ उमटते. एक रेघ पुरे आहे. पेटी हवी फक्त.

रविवार, २३

आज सातवं. उठलो तेव्हा—

तिचा अभ्यास चालू असेल. ते हाड तिच्या खिडकीत वाळत असेल. तिने धुतलं असेल ना.

सोमवार, २४

परीक्षा संपल्यावर ती पेटी घेऊन स्वतः आली. माझ्याशी बोलायला नाही. तिने हिशेब घातला होता. पिशवी टेबलावर उलटी केली, आठ हाडं, अजून पुरती वाळलेली नाहीत. माझ्या पुठ्ठ्याकडे बघितलं, हाडांकडे बघितलं. मग बाहेर जाऊन गटारावर वाकली. बराच वेळ ओकत होती. काकूंनी पाठीवरून हात फिरवला.

तारकाकांनी मोजली. मग काकूंनी मोजली. दोनशे सहा.

पेन बांधलेलंच होतं. मी चिठ्ठी ओढली. तारकाकांनी ती काढून घेतली. म्हणाले, "आता काय खोडतोस? खरंच पूर्ण आहे."

म्हणजे संपलं. मनगट गेलं, पण संपलं. ती ओकून आत आली, डोळे पुसत. मी माफी मागितली. शाळेत करायची तसा आवाज लहान करून म्हणाली, तुझा हात मी बरा करीन, शिकून. खुर्ची माझ्यापासून लांब ओढून म्हणाली, पण म्हणाली.

मग तारकाका माळ्याकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं, दुसरी पेटी कुठे आहे?

मंगळवार, २५

चष्मेवाली पेटी घेऊन गावी गेली. न उघडता. बहिणीसाठी, पुढच्या वर्षी. बसने एक दिवस लांब. तारकाका पहाटेच निघाले. उद्या संध्याकाळपर्यंत चिठ्ठी आणतो म्हणाले. पेन बांधून ठेवलंय, काकू दर तासाला तार घट्ट करतात. एक रेघ.

एका वेळी एक पेटी भरते, असं काकू म्हणाल्या. एक भरली की दुसरी.

मी विचारलं, ती जड होती ना? काकू रडायला लागल्या. त्यात जुन्या तारांची भेंडोळी टाकलेली होती. हाडं म्हणाल तर एक कवटी आणि एक नडगी. बाकीचं—

बुधवार, २६

रोज एक नाही आता. ही पेटी भुकेली आहे—

पाय अंथरुणाबाहेर सांडलाय. काकू दारात उभ्या, आत येत नाहीत. हाक मारायची तर जिभेखालचं ते नालेसारखं—आवाज घरघरतो, ओल्या नळीसारखा—

ती आलीय. खाली आवाज ऐकला. वर येऊ देऊ नका. तिने असं बघू—

बस आली का? पाचची बस. तारकाकांची चप्पल वाजली जिन्यात. चिठ्ठी आणली त्यांनी. पेन आहे. तार आहे. उजवा हात उचलतोय, खांदा उखळीतून नुसता—

डावा अंगठा मऊ लाग—