सबंध वाक्याला लागणारा शब्द

शनिवार, १९ जून

प्रिय धाकटे,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर मिळालं. तू सुखरूप आहेस, बरं वाटलं. नर्सिंगच्या इंग्रजी पेपरात क्रियाविशेषणांनी तुझे मार्क खाल्ले हे वाचून हसूच आलं. मी वर्गभर पोरांना हेच शिकवते आणि माझीच बहीण तिथे अडखळते! अक्षर वेडंवाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे. सांभाळून घे.

तर ऐक. ऑलवेज, ऑफन, नेव्हर, म्हणजे किती वेळा ते सांगणारे शब्द, मुख्य क्रियापदाच्या आधी येतात: ‘ही ऑफन कम्स लेट.’ पण वाक्यात नुसतं इज किंवा वॉज असेल तर त्याच्यानंतर: ‘ही इज ऑफन अँग्री.’ कसं केलं ते सांगणारे सहसा शेवटी: ‘शी क्लोज्ड द डोअर सॉफ्टली.’ क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये त्यांना घुसवू नकोस, तू नेमकी तिथेच चुकतेस. केव्हा ते सांगणारा, यस्टर्डेसारखा, अगदी शेवटी नाहीतर अगदी सुरुवातीला.

उदाहरणं सुचली तशी लिहिली. भावोजी कसे आहेत विचारलंस. ठणठणीत आहेत.

एक प्रकार राहिला. तो मला गेल्या आठवड्यात दवाखान्यात भेटला. मनगट मोडलं होतं. बाथरूममध्ये पाय घसरला, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. हे बाहेर बाकावर बसले होते. बाईंनी कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि मी सवयीने वाचलं: ‘पेशंट रिपोर्टेडली फेल इन द बाथरूम.’ रिपोर्टेडली म्हणजे ‘असं सांगतात’. असा शब्द सुरुवातीला येवो की क्रियापदाआधी, तो सबंध वाक्याला लागतो.

मी विचारलं, तेवढा एक शब्द काढता येईल का.

त्यांनी माझ्या दंडाकडे पाहिलं. तिथले वळ जुने होते, पिवळे पडलेले.

“काढते,” त्या म्हणाल्या. “पण मग उरलेलं खरं असायला हवं.”

बाहेरून ह्यांचा खोकला ऐकू येत होता.

“बाई, ह्यांनी हात पिरगळला,” मी म्हणाले.

बाईंनी आधीचं सगळं खोडलं.

दवाखान्यातून कळवल्यावर पोलिसांनी ह्यांना बोलावून घेतलं आणि त्याच संध्याकाळी घरी सोडलं. तेव्हापासून हे अंगाला हात लावत नाहीत. रोज हळू आवाजात सांगतात, जाऊन सांग की पाय घसरला. सासूबाई पानं घेताना माझं पान घेत नाहीत. फोन ह्यांच्याजवळ असतो, म्हणून हे पत्र स्टाफरूममधून लिहिते आहे. काल लेकीने झोपताना खोलीला आतून कडी लावली. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शाळेच्या फोनवरून आईशी बोलले. ती म्हणाली, “अगं, पुरुषांचं होतं असं कधीकधी.” मी फोन ठेवून दिला.

पुढच्या शुक्रवारी शाळेतूनच पोलीस चौकीत जाऊन मला जबाब द्यायचा आहे. तो मी बदलणार नाही. त्यानंतर घरी परत जाता येणार नाही, हे मला कळतं. कुठे जायचं ते ठरलेलं नाही. हॉस्टेलवर तुला कुणाला ठेवता येत नाही, तेही ठाऊक आहे. पण जबाब होईस्तोवर लेकीला घेऊन शाळेच्या फाटकाशी कुणीतरी आपलं माणूस उभं राहायला हवं. परीक्षा बुडणार नसेल तर ये.

आली नाहीस तरी मी जाणार आहे.

तुझी,
ताई