उजव्या गालावरची चामखीळ

लॅम्बेथ, लंडन
रविवार, २४ सप्टेंबर १८५४

प्रिय सायलसदादा,

सप्रेम नमस्कार. तू आणि वहिनी खुशाल असाल. आम्ही पाचही जण ठीक आहोत, देवाची कृपा आणि तुझी. हो, तुझी. लिहिताना हात अडखळला, पण लिहिलं.

सव्वा वर्षानं माझं पत्र पाहून तुला वाटेल, टॅबिथाचा राग उतरला. उतरलाय रे. मला तुझे आभार मानायचेत, आणि मानताना मान वर होत नाहीये.

तुमच्या साप्ताहिकातलं ते पाण्याचं व्यंगचित्र आठवतंय ना? पाणी कंपनीचा ढेरपोट्या मालक एका बाईसाहेबांना पेला देतोय, पेल्यात किडे वळवळतायत, आणि कोपऱ्यात चावीवाला कमरेत वाकून नळ सोडतोय. तू तेव्हा कळवळून सांगितलं होतंस, मोठ्या चित्राचा छापायचा लाकडी ठोकळा आठ तुकडे जोडून करतात, एकेक तुकडा एकेकाला कोरायला देतात. तुझ्या वाट्याला तो कोपरा आला. चित्रकारानं नुसती टोपी आणि चावी काढलेली, चेहऱ्याच्या जागी गिचमिड. छापखाना खोळंबलेला, म्हणून मनात आला तो चेहरा तू कोरलास. आणि मनात कोण यावा, तर त्याच कंपनीचा चावीवाला, माझाच नवरा! शिवाय लाकडावरचं कागदावर उलटं उमटतं हेसुद्धा घाईत विसरलास, म्हणून रूबेनच्या डाव्या गालावरची चामखीळ उजवीकडे गेली.

त्या चामखिळीवर तो किती दिवस अडून बसला होता! "माझी डावीकडे आहे, हा कुणी दुसराच," म्हणायचा. कोण ऐकतंय? आमच्या चौकात कुणीतरी ते चित्र नळावरच चिकटवलं. हा पाणी सोडायला गेला की बायका विचारायच्या, आज काय, बेडूक की मासे? मग मी तुझ्या कारखान्याच्या जिन्यात, सगळ्या कारागिरांसमोर, तुला नाही नाही ते बोलले. आठवलं की अजून कान तापतात.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. तुला खोटं पाडायचंच म्हणून पुढच्या रविवारी सकाळी ओहोटीला रूबेन नदीवर गेला, कंपनीचा पाइप पाणी ओढतो तिथे. परत आला तो जेवलाच नाही. म्हणाला, "पाइपच्या तोंडापासून वीस पावलांवर गटाराचं तोंड आहे, टॅबी. तुझ्या भावानं कमीच दाखवलंय."

त्या दिवसापासून आमच्या घरात उकळल्याशिवाय थेंब प्यायलो नाही. मुलांना चहा, नाहीतर पातळ बिअर. समोरची डॉक्रेबाई चिडवायची, राणीसाहेबांकडे वाढलीत का गं तुझी पोरं? मी हसून सांगायचे, पोटं नाजूक आहेत. खरं कुणालाच सांगितलं नाही. कंपनीच्या कानावर गेलं असतं तर चावी काढून घेतली असती, आणि खोली कंपनीचीच. आम्ही घाबरलो, दादा. दुसरं काही नाही.

ऑगस्टमध्ये चौकात पटकी शिरली. चौदा घरांपैकी अकरा घरांत माणूस गेलं. आमच्याकडे कुणाला साधी उलटी झाली नाही. तू तो चेहरा कोरला नसतास तर रूबेन नदीवर कशाला गेला असता? माझी तिन्ही पोरं तुझ्यामुळे माझ्यासमोर बसलीयेत. मी तुला शिव्या दिल्या आणि तू मला हे दिलंस.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. डॉक्रेबाईची लेटी, सहा वर्षांची, एकुलती एक. सकाळी दोरीवर उड्या मारत होती, संध्याकाळी गेली. तिला सारखी तहान लागत होती, आणि आई नळाचं पाणी पेल्यामागून पेला पाजत होती. मी दारात उभी होते. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

काल दुपारी गेले आणि सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

मी म्हटलं, गेल्या वर्षीच्या जूनपासून.

रूबेन माझ्या मागेच उभा होता. ती त्याला म्हणाली, "उद्या पॅरिशच्या चौकशीत हे सांगशील?" दुसऱ्या दिवशी रविवार आहे हे ती विसरली होती. पटकी कशानं पसरली याची पॅरिशची, म्हणजे इथल्या वस्तीच्या कारभाऱ्यांची, चौकशी सोमवारी आहे. तो म्हणाला, "सांगेन."

तेव्हा उद्या तो तिथे बोलणार. चावी जाईल, खोलीही जाईल. थोडे दिवस तुमच्याकडे राहावं लागेल. वहिनींना तू आधी सांगून ठेव, मला लाज वाटते.

डॉक्रेबाईही त्याच्याबरोबर जाणार आहे. म्हणाली, तो कचरला तर लेटीचं मी सांगेन. माझ्याशी मात्र बोलली नाही, आणि बोल असं म्हणायला मला तोंड नाही.

तुझी ऋणी आणि तिची अपराधी,
टॅबिथा