डोंगर देवाचा, यादी माझी

बाबा, सकाळपासून तिसऱ्यांदा हे लिहायला बसते आहे. मध्येच उठते, पेज ढवळते, परत येते. तुम्ही असता तर म्हणाला असता, जरा एका जागी बस. बसवत नाही.

लाटंबार्से गावच्या डोंगरावर सोलर प्रकल्प येणार आहे. गावात फिरून कुणाचं काय नुकसान होईल याची यादी करायचं काम कंपनीने मला दिलंय. सोलर यावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या खोकल्यात किती खाण होती ते मी विसरलेले नाही. पण परवा तिथे काजूच्या बिया वेचणाऱ्या अकरा बायका भेटल्या. डोंगर देवस्थानाचा, आणि खाली पडलेली बी जी वेचील तिची, ही तिथली जुनी रीत. त्यांच्या घरात पावसाळ्याचे तांदूळ त्या बियांवर येतात. माझ्या कागदावर पहिलाच प्रश्न होता, तुमची जमीन जाते का? त्यांतली सर्वांत म्हातारी हसून म्हणाली, "ना गे बाय. दोंगर देवाचो. आमचें कितें वतलें?" आपलं काय जाणार, म्हणत बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी अकराही नावांपुढे 'नुकसान नाही' लिहिलं. उद्या यादी वर जाईल. यादीत ज्याचं नुकसान नाही त्याला भरपाई नाही, आणि पॅनल धुण्यापुसण्याचं कामही नाही.

खाण बंद झाली त्या वर्षी आपल्या ओसरीवर भरपाईची यादी करत असाच एक कारकून आला होता. अठरा वर्षं तुम्ही खनिजाचा ट्रक धक्क्यावर नेत होतात. कानांच्या आतसुद्धा लाल माती असायची, न्हाणीत गेल्याशिवाय आई तुम्हाला स्वयंपाकघरात येऊ देत नसे. कारकून विचारतो, गाडी कुणाची? तुम्ही त्याला पाट देता आणि सांगता, धन्याची. तो 'नाही' लिहितो, आईने केलेला चहा पितो, जातो. दाराआडून ऐकणारी मी बाहेर येऊन तुमच्यावर ओरडले, की 'गाडी चालवायचो मी' एवढं तरी त्याला सांगायचं होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "जें आमचें न्हय, तें आमचें म्हणूंचें न्हय." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पुढे तो राग कारकुनावर गेला आणि इतकी वर्षं तिथेच राहिला. गाडी धन्याची, मग चालवतं कोण, एवढं विचारायला त्याचं काय जात होतं?

आज साहेबांना फोन करून म्हटलं, बायकांना परत भेटायला हवं. ते म्हणाले, मुदत चुकेल, तुला कायम व्हायचं आहे ना? व्हायचं आहे. तरी उद्या मी यादी देणार नाही, डोंगरावर जाणार आहे. जमिनीचं काढणारच नाही, वर्षाला किती पोती खाली आणता ते विचारीन. पुढे नोकरीचं काय होईल ते होवो. भीती वाटते.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एक लिहिते. बायकांनीच चुकीचं सांगितलं, असं मी साहेबांना म्हणाले. तसं नाही, बाबा. म्हातारी बोलली तेव्हाच मला कळलं होतं, की जमीन नसली तरी बिया जाणार. पुढचा प्रश्न तोंडावर आला होता. पण ऊन चढलं होतं, डबा खाली गाडीत होता, आणि मला भूक लागली होती.